बोगद्याच्या तोंडाशी

प्रेवेझाच्या समुद्राखालून जाणारा बोगदा
रात्री दोननंतर श्वास घेतो.
पंख्यांची ती घरघर काचेच्या खोपट्यात ऐकत
स्तमातिया सुट्ट्या नाण्यांच्या चवडी रचते
आणि एका हाताने वाचते.
दुसरा हात बटणाशी.

पुस्तकाला पुठ्ठा नाही.
आर्ताहून संत्री नेणारा थ्रासिव्हुलोस
टोलच्या पैशांसोबत सरकवून गेला होता :
"बायकोने दिलंय. मला झोप येते यानं.
तुझी तर नोकरीच जागायची."

लिहिणारा जाऊन दोन हजार वर्षं होत आली.
इथून थोडंसंच पुढे, पडक्या तटबंदीत
आता मेंढ्या शिरतात,
तिथे म्हणे अशीच माणसं पोरांना शिकवायची :
तुझं काय आणि तुझं काय नाही,
एवढं ओळख. बाकीचं येतं, जातं.

येतं-जातं हे
टोलनाक्यावरच्या बाईला
कोणी शिकवायचं?

समासात तिने पेन्सिलीने भांडण मांडलंय.
निंदेकडे वारा म्हणून बघ, असं जिथे आहे
तिथे : तुझ्या खिडकीला काच असेल.
नशिबापुढे हात पसरू नकोस, तिथे :
पगार दोन महिने थकलाय.
राग आला तर त्याला दाराबाहेर बसव, तिथे फक्त :
सहा वर्षं बसलाय. उठत नाही.

घराचा वरचा मजला कुणाचा
एवढ्यावरून ती आणि पोलिक्सेनी
एकमेकींचं तोंड बघत नाहीत.
आईच्या चाळिसाव्या दिवसालाही
दोघी चर्चमध्ये दोन दारांनी शिरल्या,
आणि गव्हाचा प्रसाद दोघींनी
दोन वेगळ्या पिशव्यांतून घरी नेला.

चार बहिणींत ही धाकटी.
हिच्या नावातच 'थांब' आहे,
हिला नव्हे, पाळण्याला सांगितलेलं.
पाळण्याने ऐकलं. मुलगाही झाला नाही मग.
आता ती गाड्या थांबवते.
नाव पोटापुरतं कामी आलं.

परवा धुकं होतं. एक राखाडी गाडी.
काच खाली. तीन युरो. हात.
अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग,
पानासारखा,
तळणीतलं तेल, पोलिक्सेनी नऊ वर्षांची,
कढई स्तमातियाच्या धक्क्याने कललेली.
हात ओळखीचा. चेहरा सरळ समोर,
वायपरकडे.

पुस्तक उघडंच होतं, पालथं.
तिचं न बघणं माझं नाही.
तिचं मन माझं नाही.
वरचा मजला तर आता कोर्टाचा.
डाग?

डाग कुणाच्या बाजूला धरायचा
हे त्या शहाण्याने कुठेच लिहिलेलं नाही,
तिने नंतर सगळं उलटंपालटं करून पाहिलं.

बटण मात्र तिचं होतं.
तिने ते दाबलं नाही.
बोगद्याने श्वास आत घेतला, सोडला.
मागच्या ट्रकने हॉर्न दिला.
"पावती," पोलिक्सेनी म्हणाली, समोरच बघत.
आवाज जाडसर झाला होता, आईसारखा.

पावती निघाली.
स्तमातियाने पुढे केली, आणि सोडायची राहिली.
तिकडूनही ओढली नाही कुणी.
एवढासा कागद, त्याला धरायला
दोन हात किती वेळ लागावेत!
मग ट्रकवाला आईवरून काहीतरी ओरडला
आणि दांडा वर गेला.

सकाळी पाळी बदलायला आलेला आरिस्तिदिस
थर्मास ठेवत म्हणाला,
"काय मग, झालीस का शहाणी?"

"जळलं मेलं ते शहाणपण."
पण पुस्तक तिने डब्याच्या वर ठेवलं पिशवीत,
खाली नाही, तेल लागेल म्हणून.
पान दुमडलं नाही.
खुणेला पावतीची दुसरी प्रत घातली :
तीन वाजून बारा मिनिटं,
मोटार, एक,
तीन युरो, रोख.